दुर्बिणीचा दत्तू मिस्त्री

दत्तू मिस्त्रीच्या संगं काम करायचं म्हंजे आपल्याच हातानं आपल्या डोक्याला ताप लावून घ्यायचा. हे मी त्येच्या तोंडावर बी म्हणलंय, तवा माघारी म्हणाय मला काय भ्याव न्हाय.

मुरगूडात त्येचं जळक्या मोटरी भरून द्यायचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली की तिकडची सगळी शेतकरी माणसं त्येच्याच दारात. आन् आमच्या कॉलेजच्या टेकावर चांदण्या बघायची जी दुर्बीण हाय, ती बिघडली की आमचं सर बी त्येलाच बोलवायचं. मोठ्या शेरातला माणूस यायचा म्हणलं की महिना जायाचा. दत्तू मिस्त्री दोन एस्ट्या बदलून दुसऱ्या दिवशी हजर. हजर लगीच हुयाचा, काम मातर लगीच हुयाचं न्हाय.

मी तिथं झाडलोटीला. कोडोलीकडची मी. आमच्याकडं बाईमाणूस बी 'आलो, गेलो'च म्हणतंय, तवा कुणी हसू नगासा. नवरा गेला तवा दोन पोरी पदरात, थोरली चौथीत. दुसऱ्याच्या रानात भांगलाय जायचो, तिथनं कुणीतरी कॉलेजात चिकटवलं. रोजंदारीवर. अकरा वर्सं रोजंदारीवर काढली मी. पावसात टेक चढलो, तापात चढलो, आईला माती दिऊन तिसऱ्या दिवशी चढलो. त्येचं काय न्हाय, चढावंच लागतंय. पर माझं जाऊ द्या, मिस्त्रीचं सांगतो.

दुर्बीण म्हंजे निसती नळी. तिच्याखाली खांबावर जी बैठक असती, सगळी तिला माऊंट म्हणायची, खरं काम तिचं. चांदणी आभाळात सरकत जाती, तिच्या मागनं नळी बी सरकाय पायजे, न्हायतर डोळ्यातनं चांदणी निसटली म्हणून समजा. त्येच्यासाठी बैठकीत दोन मोटरी. एक हिकडनं तिकडं फिरवाय, एक वर-खाली कराय. एक डबा, एक हातात धरायचा बटणांचा रिमोट, आन् वायरीच वायरी. ह्यातलं काय बी मला पैल्यांदा कळत न्हवतं. मिस्त्रीनं बत्ती धराय लावून लावून कळायला लावलं. पंखा दुरुस्त करणारा माणूस येतो, करतो, जातो. ह्येला बत्ती धरणारं माणूस लागायचंच, आन् ते माणूस म्हंजे मी.

पैल्या बारीला आला तवा त्या डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सर म्हणले, डबा गेला. मिस्त्रीनं डब्याकडं बघितलं बी न्हाय. भिताडाकडंनं चालत चालत भाईर गेला, मागच्या गवतात उकिडवा बसला आन् हाक मारली, "आक्का, पाणी आण दोन घागरी."

मला वाटलं लांबनं आलाय, हातपाय धुयाचं असतील. आणलं. त्या माणसानं माझ्या देखत दोन्ही घागरी एका भोकात वतल्या. वर पिशवीतनं मूठभर खडं मीठ काढून टाकलं.

मी म्हणलं, "अवो, डोळं हायत का न्हाईत? खालच्या बोअरवरनं डोक्यावर आणतोय मी ते पाणी! मातीला पाजाय?"

"आर्थिंग हाय हे. वाळलंय. आणि दोन आण."

आणि दोन आण! मानंची शीर धरली हुती माझी. तरी आणलं. वतलं. मग डब्याला हात लावून म्हणला, "लाव हात." मी म्हणलं मी न्हाय लावत. सरांनी लावला. झिणझिण्या न्हाईत. सर खूश, मिस्त्री खूश. जाताना मला म्हणतोय, "आक्का, उन्हाळ्यात दर सोमवारी एक घागर. इसरू नगंस." तवापासनं म्या दर उन्हाळ्यात दर सोमवारी त्या भोकाला घागर घातलीया. डब्याची झिणझिण त्येनं घालवली म्हणत्यात सगळी. घागर कुणाच्या डोक्यावर हुती ते कोण म्हणत न्हाय.

त्येचा आणि एक सोस म्हंजे चिकटपट्टी. औषधाच्या दुकानात जखमंवर लावायची पांढरी मिळती, ती. एक बी वायर काढायच्या आधी तिला पट्टी चिकटवायची, तिच्यावर नंबर. वायर जिथनं काढली तिथं बी पट्टी, तिथं बी त्योच नंबर. दुर्बीण म्हंजे दवाखान्यातनं आलेला पेशंट दिसायची. एका टायमाला मी म्हणलं, "लावा की भराभरा, चारच तर वायरी हायत." तर म्हणला, "चारच हायत म्हणूनच चुकत्यात. चाळीस असत्या तर माणूस भिऊन ध्यान देतंय."

आन् एका वक्ताला एकच. हे तर त्येचं इतकं की मला ओरडावं वाटायचं. वायर बदलली की तपासायचं. मग मूळची वायर परत लावायची, परत तपासायचं. मग दुसरं कायतरी. सरांनी सांगून बघितलं, "मिस्त्री, वायर, प्लग, अडाप्टर सगळंच नवीन टाका, मोकळे होऊ." मिस्त्री चष्म्यावरनं बघून म्हणला, "मग काय बिघडलं हुतं ते कुणाला इचारू? तुमाला?"

एकदा सरांनी डब्यावर थापटी मारली आन् दुर्बीण चालू झाली. सरांना लई आनंद. मिस्त्री असा तापला, असा तापला! "मारून चालली म्हंजे सुदारली न्हवं सर, लपली. आता ती सापडायची कशी? चांगली तोंडासमोर हुती, घालवलासा." चालू झालेल्या दुर्बिणीसाठी शिव्या खाणारं आमचं सर एकटंच असतील.

पर एक मातर त्येनं मला नीट समजावून दिलतं. दोन मोटरी एकसारख्याच हायत. एक नीट चालत न्हाय. तर हिची वायर तिला लावायची, तिची हिला. मी म्हणलं ह्येनं काय हुतंय? तर म्हणला, "आक्का, घरात दोन जावा. एकीची भाकरी करपती. तर दुसरीला त्याच चुलीवर बसवायचं. तिची बी करपली तर खोट चुलीत. न्हाय करपली तर खोट बाईत." मी म्हणलं, "आन् पीठच वाईट असलं तर?" तर हातातली वायर खाली ठिवली.  मग म्हणला, "हां. मग पीठ." आन् लाइट मोजायचं मीटर काढून पैल्यांदा ज्या वायरीतनं लाइट येती ती तपासाय लागला. माझ्या एका बोलण्यानं त्येनं आणि दीड तास वाढवला. तवापासनं मी गप बसाय शिकलो.

त्येची बायको एकदा रविवारी संगं आलती, हितनं म्होरं पावण्याकडं जायाचं हुतं म्हणून. मी तिला म्हणलं, बाई, घरात कसं निभवतीस गं? तिनं पदर खोचला आन् पोरीच्या लग्नातलं सांगितलं. मांडव भरलेला, मुहूर्त आलेला, मंगलाष्टका म्हणणाऱ्याचा माईक खर्र खर्र करतोय. माईकवाला म्हणला, वायर हलवली की हुतंय. तर नवरीचा बाप स्टेजवर चढला. "हलवू नगंस. कवापासनं खर्र करतोय? त्येच्या आधी काय केलंस?" नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूला हातात हार घिऊन, सगळ्या मांडवाच्या मुठीत अक्षता, आन् बाप जमिनीवर मांडी घालून माईक उघडतोय. व्याही बघायला लागलं. बाई म्हणली, "मी स्टेजवर गेलो आन् म्हणलं, भटजी, तुमास्नी गळा हाय न्हवं? वरडा." भटजी वरडला, लगीन लागलं. "आन् माईक?" मी इचारलं. "वरात निघायच्या टायमाला झाला," ती म्हणली. "मला बलवून दावला बी. मी बघितलं बी न्हाय."

अशा माणसाच्या हातात माझं नशीब पडलं. ते सांगायसाठीच एवढं सांगितलं.

त्या साली दसरा झाला आन् दुर्बीण पिसाळली. दिवसा बघावं तर शाणी. सांच्याला माणसं बघाय आली, सर रांग लावून एकेकाला गुरू दावाय लागलं की थोड्या येळानं नळी आपलीआपणच सरकाय लागायची, सरकत सरकत जाऊन भिताडाकडं तोंड करायची. लोकं भिताड बघून खाली उतरायची. एक पावणं तर म्हणलं, "गुरूवर चुना लावलाय काय वं?"

त्याच दिवसात ऑफिसात माझा कागूद चाललता. अकरा वर्सं भरली म्हणून मला कायम करायचा. साहेबांची सही हुयाची ऱ्हायली हुती आन् त्येच्यावर सरांचा शेरा लागणार हुता, कामात कसं माणूस हाय म्हणून. क्लार्क रोज सांगायचा, "आक्का, ह्या महिन्यात हुतंय बघा." बारकी तवा बारावीला. तिला म्होरं नर्सिंगला घालायची का कारखान्यात कामाला लावायची, ते त्या कागदावर हुतं.

मिस्त्री आला. पिशवी ठिवली. मीटर काढायच्या आधी सरांना, क्लार्कला आन् मला तिघास्नी खांबापशी उभं केलं.

"दसऱ्याच्या आधी बरी चालत हुती न्हवं? मग तवापासनं हितं काय काय केलंसा? समदं सांगा. बारीकसारीक बी."

सर म्हणले, "काहीच नाही. कुणी हात लावलेला नाही."

क्लार्क म्हणला, "कायच न्हाय की."

मी म्हणलं, "मी पुसलं."

आता मी खोटं का बोलू? इचारलं, सांगितलं. सर माझ्याकडं वळलं. "कधी?"

"खंडेनवमीला."

"पाण्यानं? ह्या खांबाजवळ?"

"पाण्याबिगर कसं पुसायचं, सर?"

"झालं!" सर म्हणले. "मिस्त्री, वायरीत पाणी गेलंय. मी किती वेळा सांगितलं होतं हिला, खांबाजवळ जपून."

मी मिस्त्रीकडं बघितलं. सा-सात वर्सं त्येची बत्ती धरली हुती मी. माझं फडकं कसं पिळून काढलेलं असतंय ते त्येनं बघितलं हुतं. म्हणलं आता ह्यो बोलंल. त्यो म्हणला, "असंल बी."

"असंल बी म्हंजे?" मी म्हणलं.

"म्हंजे असंल, न्हायतर नसंल. अजून ठावं न्हाय."

"अवो, माझ्या हातचं फडकं तुमी बघितलंय न्हवं?"

"बघितलंय. त्या दिवशी बघाय मी न्हवतो."

एवढंच. पायात खिळा घुसल्यागत झालं मला. सर म्हणले, दुरुस्ती होईपर्यंत आक्कांनी वर येऊ नये, आणि शेरा नंतर बघू. क्लार्कनं मान खाली घातली. मिस्त्रीनं चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला आन् कामाला लागला.

मी घरात आलो. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या संगं सोयाबीन मळाय गेलो. रडलो न्हाय. रडून काय सोयाबीन मळत न्हाय. बारकीनं इचारलं, आई, सुट्टी हाय काय गं? व्हय म्हणलं, दिवाळीची. दिवाळी अजून लांब हुती. तिनं परत इचारलं न्हाय.

वर काय चाललंय ते क्लार्क येता जाता सांगायचा. पैल्या दिवशी मिस्त्रीनं निसता अडाप्टर तपासला आन् शेवटच्या एस्टीनं गेला. चार दिवसानं आला, वायर हलवून हलवून बघितली. त्येच्या म्होरच्या बारीला मोटरींची अदलाबदल केली. खोट मोटरीच्या मागनं गेली न्हाय, म्हंजे मोटर शाबूत. एका वक्ताला एकच! हिकडं माझं घर बसलंय आन् तिकडं ह्यो चुली आन् जावा करत बसलाय. मला त्येच्या दुकानात जाऊन त्या चिकटपट्ट्या त्येच्याच तोंडाला चिकटवाव्या वाटत हुत्या.

पंधरा-इस दीस झालं असतील. दुपारची मी दारात शेंगा फोडत बसलोय, तर रस्त्यानं पिशवी घिऊन दत्तू मिस्त्री. इचारत इचारत आलता.

"आक्का, हाईस व्हय?"

"न्हाय. मेलोय."

त्यो उंबऱ्यावर बसला. पाणी द्यावं का नगं असं झालं. दिलं. पावण्याला पाणी न द्यायला मी काय त्येच्यागत न्हाय. पाणी पिऊन त्येनं इचारलं, "खंडेनवमीला वार कंचा हुता?"

"मला काय ठावं!"

"सोमवार न्हवता. मी बघून आलोय. तू वर सोमवारी पुसतीस. त्या दिवशी मधीच का पुसलंस?"

"चिकट झालतं."

"काय?"

"फरशी. पाय चिकटत हुतं, म्हणून मी पुसलं."

"कशानं चिकट झालतं?"

"नारळानं," मी म्हणलं. "पूजा केली की न्हाय त्येनी. सरांनी नळीला झेंडूची माळ घातली, डब्याला हळद-कुंकू लावलं आन् नारळ फोडला. कुठं फोडला म्हंजे, मी काय आत न्हवतो. आमच्यात आज्जाच्या वक्तापासनं पूजा-नारळ न्हाय, आमी बुद्धाचं. मी दाराभाईर बादली घिऊन. पर खाट्‌कन लोखंडाचा आवाज आला. बैठकीखाली खांबावर ती पट्टी हाय न्हवं, तिच्यावरच फोडला असंल."

आन् हे बोलताना माझं मलाच आलं ध्यानात. तिघास्नी उभं करून त्येनं इचारलं हुतं, काय काय केलंसा. सर खोटं बोललं न्हवतं. क्लार्क बी न्हाय. पूजा ही कोण 'केलं' म्हणून मोजतच न्हाय. दसऱ्याला पूजा असतीच, जशी सकाळ असती. माझ्या बी तोंडात आली न्हवती. मोजली गेली ती निसती पुसणारी.

मिस्त्री माझ्याकडं बघत हुता. म्हणला, "बैठकीत जिथं वायर जाती तिथल्या गोल प्लगात हिरवं चढलंय. चिकट हाय. मी जिभंला लावून बघितलं. गोड लागलं, वाईच खारट."

"जिभंला?"

"मग कशाला लावू?"

मी वाट बघाय लागलो. आता म्हणंल, आक्का, तुझा काय दोष न्हाय. शेंगा तशाच मांडीवर. तर त्यो उठला, पिशवी खांद्याला लावली. "बरं. बघतो," म्हणला.

"बघतो म्हंजे काय, मिस्त्री? आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

"निसतं वाटून काय हुतंय? पुन्ना करून दावली तर खोट सापडली म्हणायचं." आन् गेला की त्यो! च्या सुदीक न घेता. एक शबूद, निसता एक शबूद टाकला असता तर त्या आठवड्यात मला चार घास गोड लागलं असतं. पर त्येच्या पिशवीत तसला शबूद कवा नसायचाच.

आठ दिवसानं क्लार्कचा फोन आला, मिस्त्री म्हणतोय आक्काला बोलवा. मी टेक चढलो. सांज हुया लागलती. नवीन प्लग बसवून तीन सांजा दुर्बीण नीट चालली हुती, एक बोट बी भलतीकडं हलली न्हाय. सर खूश हुतं. "संपलं की मग, मिस्त्री," म्हणत हुतं.

"संपलं न्हाय," मिस्त्री म्हणला. जुना प्लग त्येनं सोड्यानं घासून पुसून लख्ख करून आणलता. तो बसवला. दुर्बीण नीट. मग पिशवीतनं नारळ काढला, भाईर पायरीवर फोडला, करवंटीतलं चार थेंब पाणी प्लगात सोडलं आन् मला म्हणला, "आक्का, बत्ती धर." मनात म्हणलं न्हाय धरत जा. हातानं धरली. ते पाणी त्येनं बायकोच्या केस वाळवायच्या यंत्रानं वाळवलं. आमी सगळी उभी. लावला. दुर्बीण नीट.

सर म्हणले, "बघा, नारळाचं काही नाही."

मिस्त्री उठला. माझ्या बादलीतलं फडकं घेतलं, पिळलं, थेंब गळायचा बंद हुईस्तोर पिळलं, आन् प्लगाच्या भवतीनं लांबनं धरलं, टेकवलं न्हाय. सांजचं दव पडल्यावर जशी वल येती तशी. धा मिनिटं गेली असतील. नळी हलली. सरकाय लागली. आपलीआपण, कुणी बटण न दाबता, सरकत सरकत भिताडाकडं निघाली.

फडकं काढलं, वाळवलं. थांबली. परत धरलं. परत निघाली. तीनदा केलं त्येनं. तीनदा! पैल्याच बारीला आमाला सगळ्यास्नी दिसलं हुतं.

मग साधा प्लग घेतला, तसलाच, त्यात नारळ न्हाय. माझंच वलं फडकं धरलं. नळी जागची हलली न्हाय. पाव तास धरलं.  मला तवा कळलं, ह्यो कशासाठी करतोय. माझं फडकं तपासत हुता त्यो. माझ्यासमोर, सरांच्या समोर.

दुरुस्तीची एक वही असती तिथं. काय बिघडलं, का बिघडलं, लिवून सही करायची. सरांनी वही म्होरं केली. "लिहा, प्लगमध्ये पाणी शिरल्याने बिघाड. नवीन बसवला."

मिस्त्रीनं लिवलं आन् वही फिरवली. सरांनी वाचलं आन् त्येंचं तोंड उतरलं. "मिस्त्री, असं कसं? ही कॉलेजची वही आहे. वरून साहेब येतात, तपासतात. विज्ञानाची माणसं आम्ही, दुर्बिणीवर नारळ फोडला असं दप्तरात राहणार? पाणी लिहा ना. नारळाचं काय आणि नळाचं काय, पाणीच की."

"न्हाय सर. नळाच्या पाण्यानं हुईत न्हाय, नारळाचं आत चिकटून बसतंय आन् सांजची वल वडतंय. आता दावलं की."

"अहो पण काय फरक पडतो?"

"माझ्या मागनं येणारा मिस्त्री हे वाचंल. पाणी वाचलं की त्यो छत बघंल, पाऊस बघंल, ह्या बाईचं फडकं बघंल. नारळ कोण बघंल? आन् म्होरच्या खंडेनवमीला तुमी परत फोडणार."

सरांनी पेन परत खिशाला लावलं. वाईट माणूस न्हवं ते. भ्यालेलं हुतं. म्हणले, "मी हे मान्य करून सही करू शकत नाही. आणि तुम्हाला पण परत बोलवायचं का, विचार करावा लागेल."

"करा इचार." मग माझ्याकडं वही केली. "आक्का, वाच."

"मला कुठं येतंय वं?"

"दुसरी शिकलीयास न्हवं? वाच. मोठ्यानं."

सरांच्या समोर, क्लार्कच्या समोर, ह्या वयात. मला त्येचा असा राग आला. डोळ्यास्नी नीट दिसंना, बत्ती जवळ धरली. बोट ठिवून एकेक अक्षर जुळवलं. "खं-डे-न-व-मी-च्या पू-जे-त फो-ड-ले-ल्या ना-र-ळा-चं पा-णी." मग म्होरं आणि एक वळ हुती. "फ-र-शी पु-स-ल्या-चा सं-बं-ध न्हा-य. त-पा-सू-न ब-घि-त-लं." वाचताना कुठं अडलो तर त्यो मधी बोलला न्हाय, थांबला. सगळं वाचून झालं तवा म्हणला, "कर सही. साक्षीदार."

मी सही केली. सरांनी त्या दिवशी केली न्हाय. पर वहीचं पान काय फाडलं न्हाय त्येनी, ते बी सांगाय पायजे. चार दिवसानं खाली बारक्या अक्षरात सही आली. म्होरल्या वर्सी माझा कागूद बी झाला. बारकी आता कोल्हापुरात सिस्टर हाय. खंडेनवमीला नारळ आता भाईर पायरीवर फुटतोय.

मिस्त्रीला मातर परत कोण बोलवलं न्हाय. आता लांबनं गाडीतनं माणूस येतो, सगळं बदलतो, तासात जातो.

त्या सांजंला त्यो निघाला तवा मी दारापातूर गेलो. म्हणलं, "मिस्त्री, लई उपकार झालं बगा."

"उपकार कसलं? तुझ्या फडक्यानं झालं असतं तर तुझं नाव लिवलं असतं."

"अवो, आता तरी वाईच गोड बोला की!"

त्यो बघत बसला, जसं काय मी कायतरी अवघड इचारलंय. मग पायऱ्या उतरून गेला.

मी वरनं बघत हुतो. खाली रस्त्याच्या मोरीवर एस्टीची वाट बघत बसला. पिशवीतनं त्यो फोडलेला नारळ काढला, स्क्रू-ड्रायव्हरनं खोबरं उचकटाय लागला. दातांचं काय खरं न्हवतं त्येच्या, बारीक बारीक तुकडं करून चघळत हुता. एस्टी आली, थांबली. कंडक्टर दारातनं वरडाय लागला, "ओ पावणं, यायचं हाय का न्हाय?" दत्तू मिस्त्रीनं त्येला हातानं थांब म्हणलं. करवंटीत एक तुकडा ऱ्हायला हुता. तो काढला, तोंडात घातला, हात धोतराला पुसलं आन् मगच चढला.